गादीवरचे कव्हर



आज धडा नाही. आज आम्ही गादीवरच्या कव्हराबद्दल बोलणार आहोत. हसू नका. हसण्यासारखे त्यात काही नाही, हे पुढे कळेल.

मागच्या आठवड्यात वर्ग सुटल्यावर एका भगिनीने आमच्या हातात एक चिठ्ठी दिली. तोंडाने विचारायचा संकोच वाटला म्हणून तिने लिहून दिले. चिठ्ठीत होते, "गुरूजी, सासऱ्यांच्या अंथरूणाला वास येतो. कव्हर धुतलं तरी जात नाही. फेकून देऊ का?" लिहिण्यात दोन चुका होत्या. प्रश्न मात्र अगदी बरोबर होता. आणि तो एकटीचा नव्हे. कुणाच्या घरी म्हातारे माणूस आहे, कुणाच्या घरी तान्हे मूल, कुणाचा सहा-सात वर्षांचा पोरगा रात्री अंथरूण ओले करतो आणि सकाळी मार खातो. म्हणून उत्तर सर्वांसमोर देतो. बाईचे नाव सांगणार नाही.

आधी कव्हर म्हणजे काय ते सांगतो. काहींनी ते पाहिलेले नसेल. पूर्वी लेकराखाली मेणकापड घालत. आता बाजारात गादीला घालायचे कव्हर मिळते. दुकानदार त्याला प्रोटेक्टर म्हणतो. वरच्या अंगाला सुती कापड असते, खालच्या अंगाला पातळ, रबरासारखा थर. चारी कोपऱ्यांना इलॅस्टिक. ओल वरच्या कापडात राहते, खाली गादीत उतरत नाही. कापसाची गादी एकदा भिजली की आतून वाळायला आठ-आठ दिवस लागतात. ती धुताही येत नाही. कव्हर धुता येते. पण कसे धुवायचे हे दुकानदार सांगत नाही.

आम्हांला तरी कुठे ठाऊक होते? बत्तीस वर्षे शाळेत पोरांची नखे तपासली. आरोग्याचे धडे शिकवले. पण घरातले एक अंथरूण कधी हाताने उचलले नव्हते. ही गोष्ट सांगायला लाज वाटते, तरी सांगतो.

2019 चा उन्हाळा. आमच्या माण तालुक्यात तो दुष्काळ तुम्हांला आठवत असेल. गावात टँकर येत होता. त्याच साली आमची आई अंगणात पडली आणि तिचा खुबा मोडला. वय ऐंशीच्या पुढे. शस्त्रक्रिया झाली, पण ती पुन्हा चालली नाही. तिचे सगळे मुलांच्या आईने केले. चार महिने केले. आम्ही फक्त सकाळ-संध्याकाळ जवळ बसून पेपर वाचून दाखवत होतो आणि आपण आईची सेवा करतो असे समजत होतो.

मग मुलांच्या आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन निघाले. ती आठ दिवस लेकीकडे राहिली. घरात आम्ही आणि आई.

पहिल्या सकाळी आईजवळ गेलो तर अंथरूण ओले. रात्रीपासून ओले. ती तशीच पडून होती.

"हाक का मारली नाहीस?" आम्ही विचारले.

आई भिंतीकडे बघत म्हणाली, "तुला कशी सांगू रे बाळा? तू मास्तर."

यावर आम्ही काय बोलणार?

कव्हर काढले आणि धुवायला घेतले. विचार केला, घाण आहे, तर पाणी उकळते पाहिजे. चुलीवर पाणी उकळले, कव्हरावर ओतले, मूठभर पावडर टाकली, दगडावर धोपटण्याने बडवले. पिळून पिळून पाणी काढले. वाळेना, म्हणून खालच्या अंगाने इस्त्री फिरवली. रबराचा थर इस्त्रीला चिकटून वर आला. पाच-सहाशे रुपयांचे कव्हर गेले, इस्त्री गेली ती वेगळीच. आणि डाग? तो होता तिथेच होता, उलट जास्त पक्का झाला.

शेजारच्या काकू कुंपणापलीकडून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "गुर्जी, कापड धुताय का अंडं शिजवताय?"

आधी आम्हांला राग आला. मग त्यांनी समजावले. अंडे उकळले की आतला पातळ बलक घट्ट होतो ना? लघवी, रक्त, दूध, उलटी यांतही तशाच जातीचे पदार्थ असतात. गरम पाणी पडले की ते कापडाच्या धाग्यात घट्ट बसतात. म्हणून अशा डागाला पहिले पाणी नेहमी गार. काकू शाळेत गेलेल्या नव्हत्या. सात लेकरांची बाळोती मात्र त्यांनी धुतली होती. दुसरे कव्हर आणले तेव्हा त्यांनी शेजारी उभे राहून आमच्याकडून ते धुऊन घेतले. तेच आता तुम्हांला सांगतो.

ओले झाले की लगेच काढायचे. उद्यावर टाकायचे नाही. ताज्या लघवीला वास कमी असतो. ती तशीच राहिली की बारीक जंतू तिच्यातून अमोनिया नावाचा वायू तयार करतात. डोळ्यांना झोंबणारा तो उग्र वास त्याचाच. जेवढा उशीर, तेवढा वास जास्त. काढल्यावर आधी जुन्या कोरड्या फडक्याने दाबून ओल टिपायची. चोळायचे नाही. चोळले की डाग पसरतो.

मग अर्धी बादली गार पाणी घ्यायचे आणि त्यात कव्हर पाव तास बुडवून ठेवायचे. साबण नाही, सोडा नाही, नुसते पाणी. ते पाणी पिवळसर होते. ओतून टाकू नका. परसातल्या झाडाच्या बुंध्याला घाला. त्यात खत असते. दुष्काळात आम्ही एक शेवगा त्याच पाण्यावर जगवला.

आता वासाचे बघू. चिठ्ठी लिहिणाऱ्या भगिनीने इकडे लक्ष द्यावे. साबणाने वास जात नाही, कारण अमोनिया आणि साबण दोन्ही खारट जातीचे. खाराला मारायला आंबट लागते. पुन्हा अर्धी बादली पाणी घ्या आणि दोन लिंबे पिळा. बिया गाळून घ्या. लिंबू महाग असेल तर किराणा दुकानात लिंबूसत्त्व मिळते, ते एक चमचा पुरते. शिरका असेल तर एक वाटी. कव्हर त्यात अर्धा तास ठेवा. वास मरतो. नंतर निथळू द्या.

त्यानंतर साबण. पाणी कोमट हवे. किती कोमट? कोपर बुडवून बघा, सुखाने सोसले पाहिजे. त्यात दोन चमचे साबणाची पावडर विरघळवा. पावडर नसेल तर रात्रभर भिजवलेल्या रिठ्यांचे पाणी घ्या, फेस चांगला येतो आणि कापडाला जपते. सुती अंग मऊ ब्रशने किंवा हातानेच घासा. रबराचे अंग नुसते पुसून घ्या. धोपटणे तिकडे कोपऱ्यात राहू द्या. शेवटी स्वच्छ पाण्यातून दोनदा काढा. कापडात साबण राहिला तर निजणाऱ्याच्या अंगाला खाज सुटते.

पिळायचे नाही. पिळले की रबराच्या थराला बारीक चिरा पडतात. वलणीवर टाकून निथळू द्या. घरात कपडे धुण्याचे यंत्र असेल तर त्यात पिळायला घालू नका. या थरातून पाणी निघत नाही, ते एका बाजूला साचते, यंत्र धडधडू लागते आणि मोडायचा संभव असतो.

वाळवायचे सावलीत, वाऱ्यावर. आपल्याला ऊन म्हणजे सर्व रोगांवर औषध वाटते. गोधडीला, चादरीला ते खरे आहे. पण हा थर कडक उन्हात कडक होऊन तडकतो. सकाळचे कोवळे ऊन सुती अंगाला थोडा वेळ चालेल. शिवणी आणि कोपरे हात लावून बघा. ओल राहिली तर बुरशी धरते. इस्त्रीचे नाव घेऊ नका. आमचे उदाहरण ऐकलेच तुम्ही.

एवढे करून जुना वास थोडा राहिलाच, तर वाळलेल्या कव्हरावर खाण्याचा सोडा भुरभुरा. रात्रभर राहू द्या, सकाळी झटका. गादीलाही हेच करता येते. पण सोडा आणि लिंबू एकत्र कालवू नका. फसफस पुष्कळ होते, बघणाऱ्याला मोठे काम चालले आहे असे वाटते. खरे म्हणजे ती दोघे एकमेकांना मारतात आणि मागे नुसते पाणी राहते.

आता एक गोष्ट नीट ऐका, मागच्या बाकावरच्या मंडळींनीसुद्धा. काकू घरी नव्हत्या त्या दिवशी आम्ही हुशारी केली. जंतू मरावेत म्हणून लघवीने भिजलेल्या कव्हरावर ब्लीचिंग पावडरचे पाणी ओतले. न्हाणीघर बंद होते. क्षणात असा वायू उठला की डोळ्यांना धारा लागल्या, घसा धरला. खोकत खोकत बाहेर आलो. ब्लीचिंग पावडर लघवीशी मिळाली की विषारी वायू निघतो. लिंबू, शिरका किंवा संडास धुण्याचे ॲसिड तिच्यात पडले तर त्याहून वाईट. त्यात जीव जाऊ शकतो. ब्लीचिंग पावडर आणि दुसरे काहीही एकत्र करायचे नाही. कव्हराचा थरही तिने खराब होतो, तेव्हा या कामात ती नकोच.

तेलाचा डाग निराळा. म्हाताऱ्या माणसाला, बाळंतिणीला तेल लावतो, ते कव्हराला लागते. त्यावर डाळीचे पीठ पसरून तासभर ठेवा. पीठ तेल ओढून घेते. मग झटकून कोमट पाणी आणि साबण.

घरात कुणाला खरूज झाली असेल तर गोष्ट वेगळी. खरजेचा किडा माणसाच्या अंगावाचून फार दिवस जगत नाही. कव्हर गरम पाण्यात घालता येत नसेल तर पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवा, मग धुवा. औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावायचे असते, ते डॉक्टरांना विचारून.

कव्हराच्या एका कोपऱ्याला छोटी पट्टी शिवलेली असते. ती कापून टाकू नका. तुम्हांला आता वाचता येते, तेव्हा वाचा. तिच्यावर चित्रे असतात. पाण्याच्या घमेल्याचे चित्र आणि आत आकडा. तो पाण्याच्या उष्णतेचा. 40 म्हणजे आपल्या अंगाच्या उबेपेक्षा जरासे जास्त. 60 म्हणजे हात ठेववणार नाही इतके गरम. त्रिकोणावर फुली म्हणजे ब्लीचिंग नको. इस्त्रीवर फुली म्हणजे काय, हे आता आम्ही सांगायला नको. आमच्या पहिल्या कव्हरावरही ती पट्टी होती. आम्ही मुख्याध्यापक, पण वाचली नव्हती.

कव्हर घातले म्हणजे सगळे झाले असे नाही. रबराच्या थरामुळे घाम येतो. म्हणून आम्ही वर आईच्या जुन्या सुती लुगड्याची चौपदरी घडी घालत होतो. ती घडी भिजली की बदलायची. कव्हर मग रोज धुवावे लागत नाही, पाणीही वाचते. घडीला चुणी राहू द्यायची नाही. आईच्या कंबरेखाली कातडी लाल झाली होती. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी बघून सांगितले की, ओल आणि एकाच कुशीवरचा दाब यांनी जखम होते, आणि ती झाली की लवकर भरत नाही. दर दोन तासांनी कूस बदला आणि कोरडे ठेवा. आम्ही गजर लावून उठू लागलो.

पण गजराच्या मध्ये ओले झाले तर कळणार कसे? आई हाक मारत नव्हती. म्हणून देवघरातली घंटी तिच्या उशाशी ठेवली. म्हटले, बोलू नकोस, नुसती वाजव. दोन रात्री ती वाजली नाही. दोन्ही सकाळी अंथरूण ओले. तिसऱ्या रात्री दोनच्या सुमाराला घंटी वाजली. अगदी हळू, एकदाच.

आम्ही उठलो, घडी बदलली, कव्हर काढून गार पाण्यात टाकले. आई काही बोलली नाही. आम्हीही नाही. त्यानंतर मात्र ती वाजवत राहिली. मुलांची आई परत आली तेव्हा तिने बादली हातात घेऊ पाहिली. आम्ही म्हणालो, रात्रीचे काम आता आमच्याकडे. पुढे दीड वर्ष आई होती. कंबरेची लाली गेली, जखम झाली नाही.

तर भगिनी, कव्हर फेकू नका. आधी वाळलेले कव्हर सुती अंग वर करून धरा आणि त्यावर पेलाभर पाणी ओता. खालच्या बाजूने हात फिरवा. हात कोरडा राहिला तर कव्हर चांगले आहे, वर सांगितल्याप्रमाणे धुवा. हात ओला झाला तर थर फाटला, मग नवे घ्या. आणि सासऱ्यांचे काम एकट्या सुनेने का करावे, हे त्यांच्या मुलाला विचारा. तो आज वर्गात आला आहे, आम्हांला दिसतो आहे.

इथे टेबलावर दोन पुडे ठेवले आहेत. दोन्ही पांढरे. एक खाण्याचा सोडा, एक धुण्याचा. धुण्याचा सोडा फार जहाल. जाड सुती चादरीला तो ठीक, पण कव्हराला नको, हाताची कातडीही सोलते. दुकानात पुष्कळांची गफलत होते. एकेकाने पुढे यावे, पुड्यावरचे नाव मोठ्याने वाचावे आणि कोणता कशाला ते सांगावे. चाखून बघू नका. मागच्या बाकापासून सुरुवात करू.