माळ्यावरचा स्पूल टेपरेकॉर्डर : तो का वाजत नाही?



बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर परिसरातील काही जुन्या घरांच्या माळ्यावर अजूनही एक जड पेटी धूळ खात पडलेली आढळते. झाकण उघडले की दोन मोठ्या चकत्या, मधोमध काही चाके आणि ठसठशीत बटणे दिसतात. हा स्पूल टेपरेकॉर्डर. साठ-सत्तरच्या दशकांत परदेशातून येणाऱ्या आप्तांनी तो मोठ्या हौसेने आणलेला असतो. शेजारी पुठ्ठ्याच्या चौकोनी डब्यांत फिती असतात आणि डब्यांवर शाईने लिहिलेले असते, 'दादांचे भाषण', 'ताईचे लग्न, मंगलाष्टके'. नातवंडे कुतूहलाने पिन लावतात, बटण दाबतात. यंत्र एकदा गुरगुरते आणि गप्प होते. मग ते भंगारात जाते आणि त्यामागोमाग डबेही जातात. दादांचा आवाज जगात त्या एकाच फितीवर असतो, याचा विचार त्या क्षणी कुणाच्या मनात येत नाही.

या यंत्राचे तत्त्व साधे आहे. फ्रिट्झ फ्लॉयमर या संशोधकाने १९२८ मध्ये जर्मनीत कागदी पट्टीवर लोहचूर्णाचा थर देऊन चुंबकीय फीत सिद्ध केली. १९३५ च्या बर्लिन रेडिओ प्रदर्शनात 'मॅग्नेटोफोन' हे यंत्र लोकांसमोर आले. घरगुती फीत पाव इंच रुंद असते आणि सात इंची चकतीवर साधारण १२०० फूट फीत मावते. सेकंदाला साडेसात इंच या वेगाने ती ३२ मिनिटे चालते. वेग निम्मा केला तर ६४ मिनिटे. कॅपस्टन नावाचा पोलादी दांडा आणि पिंच रोलर नावाचे रबरी चाक यांच्या चिमटीत फीत सापडते, एकसारख्या गतीने पुढे सरकते आणि हेडला घासून जाताना तिच्यातील चुंबकीय खुणांचा पुन्हा आवाज होतो. यंत्र अडले म्हणजे या साखळीतील कोणती तरी कडी निखळली, एवढे ध्यानी घेतले की तपास सोपा होतो.

पहिला नियम असा, की वर्षानुवर्षे बंद असलेले यंत्र थेट विजेला जोडू नये. परदेशी यंत्राच्या पाठीमागे विद्युतदाब निवडण्याची कळ असते. ती ११० वर असेल आणि आपला २३० व्होल्टचा प्रवाह आत गेला, तर काही क्षणांत यंत्र जळते. कळ आणि फ्यूज तपासून जाणकार कारागीर प्रथम शंभर वॅटच्या दिव्याच्या सिरीज बोर्डवर यंत्र लावून पाहतो. दिवा सतत पूर्ण तेजाने पेटला, तर आत शॉर्ट सर्किट आहे असे समजावे. पेटी उघडून करावयाची सर्व कामे पिन काढूनच करावीत. आतील विजेशी संबंधित काम मात्र कारागिरावरच सोपवावे.

दुसरी गोष्ट वरकरणी क्षुल्लक वाटते. अनेक यंत्रांत फितीच्या वाटेवर एक लहानशी दांडी असते. फीत ताणलेली असेल तरच ती उचललेली राहते; फीत सैल पडली वा संपली की दांडी खाली येते आणि यंत्र थांबते. फीत न लावता किंवा चुकीच्या वाटेने लावून बटण दाबले, तर निर्दोष यंत्रही हलत नाही. यंत्र बिघडले असे म्हणण्यापूर्वी एवढे अवश्य पाहावे.

मोटर गुणगुणते, परंतु फिरत नाही, अशा वेळी तिचा कपॅसिटर निकामी झाल्याचा संशय घ्यावा. मोटर फिरते, पण चाके हलत नाहीत, तर बहुधा रबरी पट्टा तुटलेला वा वितळून डांबरासारखा चिकट झालेला असतो. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढावा आणि मोजमाप घेऊन नवा घालावा. बटणे घट्ट बसली असतील, तर जुने ग्रीस वाळून मेणासारखे झालेले असते. तेथे जोर लावू नये. पूर्वीचे ग्रीस स्वच्छ करून हलके वंगण द्यावे. फीत मागे-पुढे वेगाने गुंडाळली जाते, पण वाजवताना सरकत नाही, तर दोष बहुतेक वेळा पिंच रोलरकडे असतो. त्याचे रबर कडक व गुळगुळीत झाले की चिमटीची पकड जाते.

फीत चालते, पण आवाज नाही, असेही होते. तेव्हा प्रथम 'टेप' आणि 'सोर्स' यांमधील कळ पाहावी. ती 'सोर्स'वर राहिली की फितीचा आवाज बाहेर येतच नाही. त्यानंतर हेडवरील तपकिरी मळ कापसाच्या बोळ्याने अलगद पुसावा. कापडाच्या थानाप्रमाणे फितीलाही सुलट-उलट बाजू असते; लोहचूर्णाचा थर असलेली बाजू हेडकडेच हवी. ऐकताना पार्श्वभूमीला उलटे बोलणे ऐकू आले, तर अर्ध्या रुंदीवर ध्वनिमुद्रित झालेली फीत पाव रुंदीच्या हेडवर लावलेली असू शकते. आणि गाणे जाडसर, रेंगाळलेले वाटले, तर यंत्र ६० हर्ट्झ वीज असलेल्या देशातील असावे. त्याची मोटर आपल्या ५० हर्ट्झवर सहाव्या हिश्शाने मंदावते आणि काळी दोनमधील गाणे जवळजवळ पांढरी एकमध्ये ऐकू येते. त्यासाठी मोटरवरील पुली बदलावी लागते.

येथवर यंत्राचे झाले. परंतु यंत्र दुसरे मिळू शकते, फीत मिळत नाही. म्हणून दुरुस्तीनंतर पहिली चाचणी नेहमी बिनमहत्त्वाच्या फितीवर घ्यावी. कॅसेटला असते तशी पुसले जाण्यापासून वाचवणारी खाच स्पूलला नसते. चुकून 'रेकॉर्ड'चे बटण दाबले गेले तर पूर्वीचा आवाज कायमचा जातो. ते बटण आधीच चिकटपट्टीने बंद करावे.

उल्हास नदीच्या खोऱ्यातील दमट हवा हा फितीचा मोठा शत्रू आहे. २६ जुलै २००५ आणि २७ जुलै २०१९ रोजी बदलापूरने पूर पाहिला आहे. तळमजल्यावर ठेवलेल्या वस्तूंचे काय होते, हे येथे कुणाला सांगावयास नको. पूर न येताही, विशेषतः सत्तरच्या दशकाच्या मध्यापासूनच्या काही फितींचा थर ओलावा शोषून चिकट होतो. फीत चालू असता किंचाळल्यासारखा आवाज आला आणि हेडवर तपकिरी चिखल साचला, तर यंत्र तत्क्षणी थांबवावे. अशी फीत तज्ज्ञ मंडळी सुमारे ५० ते ५५ अंश उष्णतेत अनेक तास ठेवून तात्पुरती वाजण्याजोगी करतात. हा प्रयोग घरच्या ओव्हनमध्ये करू नये. प्रकाशासमोर धरली असता अर्धपारदर्शक दिसणारी जुनी ॲसिटेट फीत तर उष्णतेने खराबच होते.

वाजू लागलेली फीत एकदाच, निगुतीने संगणकावर उतरवून घ्यावी. शक्य असल्यास ९६ किलोहर्ट्झ व २४ बिट या प्रमाणात. एक प्रत घरी, दुसरी अन्यत्र असावी आणि मूळ फीतही फेकू नये. ही चिंता एका घरापुरती नाही. १९८२ मध्ये पुण्यात सुरू होऊन पुढे दिल्ली परिसरात गेलेले अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे ध्वनिसंग्रह केंद्र, तसेच पंडित सत्यशील देशपांडे यांनी 'संवाद फाउंडेशन'द्वारे जमवलेला हिंदुस्थानी संगीताचा संग्रह, ही अशा जतनाची उदाहरणे होत. युनेस्कोने २०१९ मध्ये चुंबकीय फितींविषयी जगाला इशारा देणारा प्रकल्प हाती घेतला, कारण फिती शिल्लक असल्या तरी त्या वाजवणारी यंत्रे, सुटे भाग आणि जाणते हात झपाट्याने कमी होत आहेत.

तेव्हा प्रत्येक घराने एक छोटे काम करावे. या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचे डबे खाली काढावेत, पुसावेत आणि त्यांवरील मजकूर वहीत उतरवावा. कोणत्या फितीत कुणाचा आवाज आहे, हे सांगू शकणारे वडीलधारे आज घरात आहेत. त्यांना आजच विचारावे. यंत्र उद्या दुरुस्त होईल. आवाज ओळखणारा माणूस मात्र उद्या असेलच, याची शाश्वती कोणी द्यावी?