फॉर्मवरची शेवटची ओळ



माझी मुलगी आता तेरा वर्षांची आहे. बॅडमिंटन खेळते. ती अकरा वर्षांची असताना तिला इथं बेंगळुरूत एका अकादमीत घालायला गेले, तेव्हा हातात चार पानी फॉर्म आला. मुलीचा रक्तगट कोणता, टी-शर्टचं माप काय, दमा आहे का, तिचे फोटो जाहिरातीत वापरले तर चालतील का, सगळं विचारलं होतं. शेवटच्या पानावर तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती. पाल्यास कोणत्याही प्रकारची इजा अथवा हानी झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही. त्याखाली पालकाची सही. माझ्या मागे पाच-सहाजण रांगेत उभे होते. मी सही करून टाकली.

फॉर्मची प्रत फाइलमध्ये गेली आणि मी ती विसरले. ती पुन्हा बाहेर काढली २०२५ च्या एप्रिलमध्ये. त्या महिन्यात आमच्या शहरात हुळिमावू पोलिसांनी एका बॅडमिंटन प्रशिक्षकाला अटक केली. त्याच्याकडे शिकणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलीवर लैंगिक अत्याचार केल्याचा त्याच्यावर आरोप आहे, आणि खरंखोटं न्यायालय ठरवेल. मी अडखळले ती दुसऱ्याच गोष्टीपाशी. हे कळलं कुणाला? आजीला. मुलगी सुट्टीत आजीकडे गेली होती, फोनवरून काय पाठवलं जातंय ते आजीच्या नजरेला पडलं आणि तिनं मुलीच्या आईवडिलांना सांगितलं. जिथं मुलगी सरावाला जायची तिथून ही गोष्ट बाहेर आली नाही. आजीच्या घरातून आली.

त्या संध्याकाळी मी मुलीला जवळ बसवलं. ती रॅकेटला नवी ग्रिप गुंडाळत होती. मी म्हटलं, "कुणी काही विचित्र वागलं, बोललं, मेसेज केला, तर मला लगेच सांगायचं हं." तिनं मान वर न करता विचारलं, "सांगितलं तर तू माझं बॅडमिंटन बंद करशील ना?"

श्रोतेहो, मी खरंच तेच केलं असतं. तिला ते माझ्याआधी ठाऊक होतं. मुलं बोलत नाहीत, असं आपण म्हणतो. त्यांनी आपला हिशेब आधीच केलेला असतो. सांगितलं तर खेळ जाईल, मैत्रिणी जातील, संघातली जागा जाईल, घरी रडारड होईल, आणि सर मात्र तिथंच राहतील. मी तिला शब्द दिला की तुझा खेळ बंद होणार नाही, लागलं तर जागा बदलू. हा शब्द प्रत्येक आईवडिलांनी आधीच देऊन ठेवावा, गरज पडण्याची वाट न पाहता.

मी मूळची बेळगावची. शाळेत खो-खो खेळायचे. आम्हाला शिकवायला एक सर होते. शिकवायचे उत्तम, जिल्ह्याचा संघ त्यांच्याच शब्दावर ठरायचा. मी सातवीत संघात आले त्या आठवड्यात नळावर पाणी पिताना एका मोठ्या मुलीनं मला बाजूला घेतलं. "सामान ठेवायच्या खोलीत सरांबरोबर एकटीनं जायचं नाही. दोघी-दोघी जायचं." इतकंच. का, ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पुढच्या वर्षी नव्या मुली आल्या तेव्हा मी त्यांना त्याच नळावर तेच वाक्य सांगितलं. आमच्या शाळेत मुलींच्या रक्षणाची एक व्यवस्था होती, आणि ती चालवणाऱ्या सगळ्याजणी बारा-तेरा वर्षांच्या होत्या. मोठ्या माणसांपैकी कुणालाच काही ठाऊक नव्हतं, असं मला आज वाटत नाही. आई जाईपर्यंत मी तिलाही हे बोलले नाही.

आज शाळाशाळांतून चांगला स्पर्श, वाईट स्पर्श शिकवतात. शिकवलंच पाहिजे. पण ते शिकवून झालं की आपलं काम संपलं असं मोठी माणसं धरून चालतात, तेव्हा मला तो नळ आठवतो. ओळखायचं मुलानं, नाही म्हणायचं मुलानं, पळायचं मुलानं आणि येऊन सांगायचंही मुलानंच. मग फी कशाची घेतली?

आपला कायदा याबाबतीत पुष्कळ स्पष्ट आहे. लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांचं संरक्षण करणारा कायदा, ज्याला आपण पॉक्सो म्हणतो, तो १४ नोव्हेंबर २०१२ पासून, बालदिनापासून, लागू झाला. असा गुन्हा घडल्याचं ज्याला कळेल त्यानं पोलिसांना कळवलंच पाहिजे, असं त्यात सांगितलं आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेचा प्रमुख आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवत असेल, तर वर्षभरापर्यंत. न कळवल्याच्या या शिक्षेतून कायद्यानं एकालाच मोकळं ठेवलं आहे, मुलाला. मी हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. सांगण्याचा भार कुणाच्या खांद्यावर नाही, हे तिथं लिहून ठेवलेलं आहे.

या कायद्याचे नवे नियम मार्च २०२० मध्ये आले. मुलांचा नेहमी संबंध येतो अशा प्रत्येक संस्थेनं आपल्या प्रत्येक माणसाची पोलीस पडताळणी ठरावीक काळानं करून घ्यायची, माणूस कायम असो की कंत्राटी, आणि मुलांच्या सुरक्षिततेबद्दल त्यांना प्रशिक्षणही द्यायचं. शाळा, पाळणाघरं यांच्याबरोबर नियमात आणखी एक शब्द आहे. क्रीडा अकादमी. फॉर्मवरच्या त्या बारीक ओळीनं हे काम टळत नाही. कायद्यानं दिलेली जबाबदारी पालकाची सही घेऊन झटकता येत नाही.

आमच्या शेजारच्या बाई मला म्हणाल्या, "तुमचं ठीक आहे, तुम्हाला मुलगी आहे. आमचा तर मुलगा." केंद्र सरकारनं २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून तो केलेला होता. निम्म्याहून जास्त मुलांनी लैंगिक अत्याचाराचा कुठला ना कुठला प्रकार सोसल्याचं सांगितलं, आणि त्यांत मुलग्यांची संख्या मुलींपेक्षा थोडी अधिकच होती. पॉक्सो कायदाही मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. पोहायला, क्रिकेटला, कराटेला जाणारे आपले मुलगे तर बोलायला आणखीच लाजतात.

आता बेंगळुरूतली एक गोष्ट सांगते. इथं मुलांचं निम्मं खेळणं मोठमोठ्या निवासी संकुलांच्या आत चालतं. तिथंच तलाव, तिथंच कोर्ट, तिथंच स्केटिंगची फरशी. आमच्या संकुलाच्या फाटकावर घरकामाला येणाऱ्या बाईचं आधार कार्ड मागतात, फोटो काढतात, पोलीस पडताळणीचा कागद मागतात. परत जाताना तिची पिशवी उघडून बघतात. पोहायला शिकवणारा तरुण मात्र टी-शर्टावरचं नाव दाखवून आत येतो. एका वर्षात तीन वेगवेगळे तरुण आले. मी असोसिएशनला विचारलं, तर म्हणाले कंत्राट एजन्सीकडे आहे. एजन्सीला फोन केला, तर म्हणाले आम्ही फक्त माणसं पुरवतो. ज्या घरात चमचे हरवायची भीती आहे तिथं पडताळणी आहे. जिथं पोहायच्या कपड्यातली सहा वर्षांची मुलं एका अनोळखी माणसाच्या हाती सोपवतो तिथं ती नाही. हे मला फार लागलं.

मी त्या तरुणाशीही बोलले. खेड्यातून आलेला, पंपाच्या खोलीशेजारी राहणारा. कपडे बदलायच्या खोलीत जायचं की नाही, मूल रडायला लागलं तर उचलायचं की नाही, पालक उशिरा आले तर मुलाबरोबर कुठं थांबायचं, यांतलं काहीच त्याला कुणी सांगितलं नव्हतं. उद्या उगाच कुणी बोट दाखवलं, तर त्याच्या बाजूनं बोलायलाही काही नाही.

उगाच बोट दाखवलं जातं, हे मी कल्पनेनं बोलत नाही. जुलै २०१४ मध्ये शहराच्या पूर्वेला, मारतहळ्ळी भागातल्या एका शाळेत सहा वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाला. पालक मोठ्या संख्येनं रस्त्यावर उतरले. पोलिसांनी आधी अटक केली ती स्केटिंग शिकवणाऱ्या शिक्षकाला. काही दिवसांत तपासाची दिशा बदलली, दोन जिम प्रशिक्षकांना अटक झाली आणि स्केटिंगच्या शिक्षकाला सोडण्यात आलं. शाळेच्या अध्यक्षालाही माहिती दडवल्याच्या आरोपावरून अटक झाली होती. कोण कधी कुठल्या खोलीत गेला याची चोख नोंद असेल, तर ती मुलाला राखते आणि निरपराध शिक्षकालाही राखते.

पोलीस पडताळणीचा अर्ज कर्नाटकात सेवा सिंधू पोर्टलवरून करता येतो. पण तेवढ्या कागदावर मी विसंबणार नाही. ज्याच्याविरुद्ध कुणी कधी तक्रारच केलेली नाही, त्याचा कागद कोराच येणार. २०१९ मध्ये पंधरा वर्षांच्या जलतरणपटू मुलीनं गोव्यातल्या आपल्या प्रशिक्षकाविरुद्ध तक्रार केली. व्हिडिओ बाहेर आला, राज्य संघटनेनं त्याला काढलं, पुढं अटकही झाली. तेव्हाचे क्रीडामंत्री किरेन रिजिजू यांनी जाहीरपणे सांगितलं की या माणसाला देशात कुठंही नेमू नका. मंत्र्यांना हे का सांगावं लागलं? कारण आपल्याकडे गवगवा नको म्हणून माणसाला गुपचूप राजीनामा द्यायला लावतात, आणि तो दुसऱ्या गावात पुन्हा सर होतो. म्हणून आधीच्या संस्थेला फोन करून तोंडी विचारा, या माणसानं तुमच्याकडची नोकरी का सोडली? उत्तर द्यायला समोरचा किती वेळ घेतो तेही ऐका.

खेळ शिकवताना स्पर्श लागतो. मल्लखांबाची पकड, पोहण्यातला हात, जिम्नॅस्टिक्समधली कमान, लांबून बोलून येत नाही. म्हणून स्पर्श चारचौघांत, मुलाला आधी सांगून. रात्री प्रशिक्षकाचा मुलाला एकट्याला मेसेज नको, पालकांसह असलेल्या गटावर हवा. स्पर्धेला परगावी जाताना प्रशिक्षकाची आणि मुलांची खोली एक नको. भारतीय क्रीडा प्राधिकरणानं जून २०२२ मध्ये सगळ्या राष्ट्रीय महासंघांना सांगितलं की महिला खेळाडू असलेल्या पथकाबरोबर महिला प्रशिक्षक असलीच पाहिजे. मग जिल्ह्याच्या बारा वर्षांच्या मुली रेल्वेनं दोन रात्री प्रवास करून जातात, त्यांच्याबरोबर का नको?

कुणी म्हणेल, पालकांनी तिथंच बसून लक्ष ठेवावं. तेवढं पुरत नाही. अमेरिकेत लॅरी नासर हा जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर वर्षानुवर्षं मुलींवर अत्याचार करत होता. काही वेळा त्यांच्या आया त्याच खोलीत बसलेल्या होत्या. तो मध्ये असा उभा राहायचा की आईला दिसू नये. जानेवारी २०१८ मध्ये त्याला शिक्षा सुनावताना दीडशेहून अधिकजणींचे जबाब न्यायालयात वाचले गेले. त्यांतल्या अनेकींनी लहानपणीच कुणाला तरी सांगितलं होतं. ऐकणाऱ्यांनी संस्थेचं नाव सांभाळलं. म्हणून ऐकणारं माणूस आधीच नेमलेलं हवं. इंग्लंडमध्ये मुलांच्या फुटबॉल क्लबात मुलांच्या काळजीसाठी एक नेमलेली व्यक्ती असते. अशा व्यक्तीचं नाव सगळ्यांना माहीत हवं आणि संघ निवडणं तिच्या हातात नको. मला यातलं दुसरं अधिक महत्त्वाचं वाटतं.

कारण तक्रार कुणाकडे करायची, हा प्रश्न आपल्याकडे एका मुलीच्या जिवावर बेतला आहे. १९९० मध्ये पंचकुलाची चौदा वर्षांची टेनिसपटू रुचिका गिरहोत्रा हिची छेड काढणारा माणूस हरियाणाच्या टेनिस संघटनेचा अध्यक्ष होता आणि पोलीस महानिरीक्षकही. तिला शाळेतून काढलं, भावावर चोरीचे खटले घातले गेले. १९९३ मध्ये तिनं जीव दिला. गुन्हा सिद्ध झाला २००९ च्या डिसेंबरात. म्हणून तक्रारीची एक वाट संस्थेच्या बाहेर जाणारी हवीच. १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक आणि ११२ हा तातडीच्या मदतीचा, बॅडमिंटन कोर्टाच्या भिंतीवर मुलांच्या नजरेच्या उंचीवर लिहिलेले असावेत.

आणि मुलानं सांगितलंच, तर आधी फक्त ऐका. तू तिथं गेलीसच कशाला, हे वाक्य तोंडातून येऊ देऊ नका. प्रशिक्षकाला जाब विचारायला धावू नका, फोनमधलं काही पुसू नका. मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा आणि पोलिसांकडे जा.

पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता आमच्या असोसिएशनची सभा आहे. टाकीची सफाई, लिफ्टची दुरुस्ती, गाड्यांच्या जागा, आणि सहाव्या क्रमांकावर तलावाच्या कंत्राटाचं नूतनीकरण. सहावा विषय येईपर्यंत निम्मी माणसं उठून जातात. तो पहिला घ्या, असं मी लेखी दिलं आहे. माझ्या सहीखाली चौदा घरांच्या सह्या आहेत. त्यांत मुलगा असलेल्या शेजारच्या बाईंचीही आहे.