मधुमेह आणि पक्षाघात : घराण्यांनी ओळखावयाचे एक नाते
(उत्सवप्रसंगी देवालयाच्या सभामंडपात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जत्रेच्या निमित्ताने मुंबई, बेळगाव, कारवार आणि त्याहूनही दूर विखुरलेली गोमंतकीय कुटुंबे वर्षातून एकदा कुलदेवतेच्या प्रांगणात एकत्र येतात. गेल्या वर्षी रथाच्या दोराला हात लावणारा एखादा कर्ता पुरुष यंदा काठीच्या आधाराने, एक पाय ओढीत पायऱ्या चढताना दिसतो. ओळखीचा चेहरा पाहून तो बोलू पाहतो. पण शब्द ओठांपर्यंत येत नाही. "अंगावरून वारे गेले," एवढेच कोणी हलक्या आवाजात सांगतो. अधिक विचारपूस केली, तर बहुधा आणखी एक वाक्य ऐकू येते : "तशी त्यांना साखर होती, पण तिचा त्रास काहीच नव्हता." या दोन वाक्यांमधील नाते हाच या व्याख्यानाचा विषय होय.

हा विषय गोमंतकात मांडण्यास विशेष कारण आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशातील प्रौढांपैकी ११.४ टक्के, म्हणजे सुमारे दहा कोटी लोक, मधुमेही आहेत. सर्व राज्यांत गोव्याचे प्रमाण सर्वाधिक, म्हणजे २६.४ टक्के आढळले. दर चार प्रौढांमागे एक, असा हा हिशेब आहे. सभामंडपातील प्रत्येक रांगेत या रोगाचे दोन-तीन धनी बसलेले असावेत, आणि त्यांतील काहींना त्याची वार्ताही नसावी.

मधुमेह या भूमीला नवा नाही. सुश्रुताने प्रमेहाचे दोन प्रकार मानले : एक सहज, म्हणजे जन्माबरोबर आलेला, दुसरा अपथ्यापासून उद्भवलेला. आनुवंशिकता आणि राहणी या दोन्हींना त्याने दिलेले स्थान आधुनिक शास्त्रानेही मान्य केले आहे. टोरोंटो येथे १९२१ साली फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनी इन्सुलिन शोधून काढले, आणि पूर्वी थोड्याच काळात मृत्युमुखी पडणारे मुलगे-मुली जगू लागले. परंतु रोगी दीर्घकाळ जगू लागल्यावर रोगाचे दुसरे रूप प्रकट झाले. साखर रक्तात नुसती वाढत नाही. ती वर्षानुवर्षे रक्तवाहिन्यांचे अस्तर पोखरते, हे तेव्हा ध्यानी आले.

मेंदूला रक्त पुरविणारी वाहिनी अकस्मात बंद पडणे किंवा फुटणे म्हणजे पक्षाघात. बंद पडण्याचा प्रकार अधिक आढळतो. मधुमेहात मोठ्या धमन्यांच्या भिंतींत मेदाचे थर लवकर साचतात आणि रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. मेंदूच्या अंतर्भागातील केसासारख्या बारीक वाहिन्या जाड व अरुंद होतात. त्यांतील एखादी बंद पडली, तर मेंदूत वाटाण्याएवढा भाग मरतो. असे लहान आघात पुष्कळदा कळतही नाहीत. पण ते साचत गेले म्हणजे चाल मंदावते, स्मरण ढळते, आणि पुढे मोठा आघात आला असता तो सोसण्याची शक्ती उरत नाही. सुमारे सात लाख व्यक्तींच्या माहितीचा एकत्रित अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. रक्तवाहिनी बंद पडून होणाऱ्या पक्षाघाताचा संभव मधुमेहींत दुपटीहून अधिक, आणि वाहिनी फुटून होणाऱ्या पक्षाघाताचा सुमारे दीडपट असल्याचे त्यात दिसले.

यावरून कोणीही असे म्हणेल की, साखर ताब्यात ठेवली की पक्षाघात टळला. येथेच पुष्कळ सुशिक्षित घरांची फसगत होते. इंग्लंडमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या आणि १९९८ साली निष्कर्ष जाहीर झालेल्या एका प्रदीर्घ अभ्यासात मधुमेही रुग्णांची अनेक वर्षे पाहणी करण्यात आली. साखर काटेकोरपणे आवरल्याने डोळे व मूत्रपिंड यांचे रक्षण झाले. परंतु त्या काळात पक्षाघाताच्या प्रमाणात लक्षणीय घट आढळली नाही. त्याच अभ्यासात ज्यांचा रक्तदाब सरासरी १५४/८७ ऐवजी १४४/८२ इतका खाली राखला गेला, त्यांच्यात मात्र पक्षाघात ४४ टक्क्यांनी कमी झाले. पुढे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत, कोलेस्टेरॉल फारसे वाढलेले नसलेल्या मधुमेहींनाही ते उतरविणारे औषध देण्यात आले, तेव्हा पक्षाघात जवळजवळ निम्म्याने घटले.

याचा अर्थ साखरेकडे दुर्लक्ष करावे असा मुळीच नव्हे. अर्थ इतकाच की, मधुमेहीच्या मेंदूचे रक्षण साखर, रक्तदाब आणि रक्तातील मेद या तिन्हींवर अवलंबून आहे, आणि त्यांत रक्तदाबाचा वाटा फार मोठा आहे. नैवेद्याचे गोड कटाक्षाने नाकारणारा गृहस्थ लोणचे, पापड आणि खारवलेले सुके मासे रोज खातो, रक्तदाब वर्षभर मोजीत नाही आणि तंबाखू सोडीत नाही, तर त्याने एक दार लावून तीन दारे उघडी ठेवली आहेत. रक्तदाब १३०/८० च्या आत आणि तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारा एचबीएवनसीचा आकडा सातच्या आसपास असावा, असे बहुतेक मधुमेहींसाठी सामान्यतः सुचविले जाते. वृद्ध व दुर्बल व्यक्तीसाठी साखरेचे बंधन वैद्याने थोडे सैल ठेवलेले बरे, कारण साखर अति उतरणेही घातकच.

इतके करूनही आघात आलाच, तर सर्व भिस्त वेळेवर असते. मोठी वाहिनी बंद पडली असता दर मिनिटास मेंदूतील सुमारे १९ लाख पेशी नष्ट होतात, असे गणित मांडले गेले आहे. गुठळी विरघळविणारे औषध आघातापासून साडेचार तासांच्या आतच सामान्यतः देता येते. मोठ्या धमनीतील गुठळी नळीवाटे ओढून काढण्याची शस्त्रक्रिया २०१५ पासून सिद्ध झाली असून निवडक रुग्णांत ती चोवीस तासांपर्यंत उपयोगी पडते. तरीही जितक्या लवकर, तितके हित अधिक. मात्र घरोघरी घडते ते निराळेच. रात्री हात जड पडतो, तेव्हा "सकाळपर्यंत बघू" म्हणतात. तेल चोळतात, झोपवून ठेवतात. मुलाला मुंबईला दूरध्वनी करून त्याच्या निर्णयाची वाट पाहतात. त्या वाट पाहण्यात साडेचार तास सरून जातात.

म्हणून चार गोष्टी घरातील लहानथोरांस पाठ असाव्यात. चेहरा एका बाजूस वाकडा झाला काय, दोन्ही हात उचलले असता एक खाली पडतो काय, बोलणे अडखळते काय. आणि यांपैकी एकही असेल, तर चौथी गोष्ट वेळ. व्यक्ती शेवटची ठणठणीत केव्हा दिसली होती, ती वेळ घड्याळात पाहून लिहून ठेवावी आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मेंदूच्या सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठणे अगत्याचे आहे; कारण वाहिनी बंद पडली की फुटली, हे त्यावाचून कळत नाही, आणि तोवर घरी अ‍ॅस्पिरिन देणे धोक्याचे ठरू शकते. लक्षणे काही मिनिटांत आपोआप ओसरली तरी निर्धास्त राहू नये. तो मोठ्या आघाताचा इशारा असतो, आणि पुढील काही दिवसच सर्वांत जोखमीचे असतात.

मधुमेहीच्या बाबतीत एक विशेष दक्षता हवी. साखर फार उतरली, तरी हातपाय लुळे पडून जीभ अडखळते. एकादशीचा उपवास धरून नेहमीची गोळी किंवा इन्सुलिन घेतले, तर असा प्रसंग सहज ओढवतो. म्हणून साखर मोजण्याचे यंत्र घरी असल्यास ते तत्काळ लावावे. आकडा ७० च्या खाली असेल आणि रुग्ण शुद्धीवर राहून नीट गिळू शकत असेल, तरच साखरेचे पाणी द्यावे. अन्यथा तोंडावाटे पाणीदेखील देऊ नये, ते फुप्फुसात जाण्याचे भय असते. उपवासाच्या दिवशी औषधाची मात्रा किती घ्यावी, हे वैद्यास आधीच विचारून ठेवणे उत्तम.

आघातानंतरचा मार्ग मधुमेहीला अधिक चढणीचा असतो. आघाताच्या वेळी साखर वाढलेली असेल, तर मरणोन्मुख पेशींभोवती आम्ल साचते, सूज वाढते आणि रक्तस्रावाचा धोकाही वाढतो. परंतु येथेही अतिरेकाला स्थान नाही. अमेरिकेत झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. साखर ८० ते १३० च्या दरम्यान कडकपणे राखलेल्या रुग्णांना, ती १८० च्या आत राखलेल्यांपेक्षा अधिक लाभ झाला नाही. उलट काहींची साखर धोकादायकपणे उतरली. मध्यम मार्गच येथे श्रेयस्कर ठरला.

घरी परतल्यावर खरी कसोटी लागते, आणि ती रुग्णाइतकीच घराची असते. उजवा हात लुळा पडला, दृष्टी अंधुक असली, तर तो स्वतः इन्सुलिन कसे टोचणार? विसराळूपणा आला असेल, तर एकच गोळी दोनदा घेतली जाते. म्हणून औषधाची जबाबदारी घरातील एका माणसाने नाव घेऊन स्वीकारावी आणि वही ठेवावी. मधुमेहाने तळपाय आधीच बधिर झालेले असल्यास त्याला जमीन नीट जाणवत नाही व तोल जातो. मधुमेहीचा खांदा आखडण्याकडे झुकतो. त्यात लुळ्या हाताला धरून उठविले, तर खांद्याची पीडा जन्माची होते. रुग्णाला कमरेस आधार देऊन उठवावे, हात ओढू नये. तापलेल्या फरसबंदीवर अनवाणी प्रदक्षिणा घालणाऱ्या बधिर पावलांना फोड आलेला कळत नाही, आणि त्या जखमेने आठवडेच्या आठवडे व्यायाम बंद पडतो. प्रदक्षिणा सकाळच्या गारव्यात घालावी आणि परतल्यावर तळपाय कोणीतरी पाहावेत.

सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत वेगाने होते. पुढे ती मंदावते, पण थांबत नाही. मेंदूचे शाबूत भाग सरावाने नवे काम शिकतात. म्हणून चमचा धरण्याचे काम दुसऱ्याने करून टाकण्यापेक्षा रुग्णाकडून दहा वेळा करवून घेणे हीच खरी सेवा होय. रोजचे चालणे तर साखर, रक्तदाब आणि दुबळे पाय या तिन्हींवर एकाच वेळी उपकारक ठरते. रुग्ण खिन्न होऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला, तर तो हट्ट समजू नये. तो आजाराचाच भाग असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत.

वाणीविषयी एक आशादायक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. स्वीडनमध्ये १७४५ साली ओलोफ डालिन यांनी अशा एका रुग्णाची नोंद केली, ज्याला बोलता येत नव्हते. परंतु परिचित स्तोत्रे तो शब्दांसह गाऊ शके. पुढे १९७३ साली अमेरिकेत चालीच्या साहाय्याने बोलणे शिकविण्याची पद्धती मांडली गेली. ज्याला पाणी मागता येत नाही, तोही कधी कधी लहानपणापासूनच्या आरतीत सूर मिसळू शकतो. म्हणून अशा माणसाला भजनाच्या रांगेतून वगळू नये. घरात कोकणी, मराठी अशा दोन भाषा असतील, तर जी जिभेवर येईल तीत त्याला बोलू द्यावे आणि त्याचे वाक्य इतरांनी घाईने पुरे करू नये.

महाजन घराण्यांनी आपापल्या पिढ्यांच्या वंशावळी जिवापाड जपल्या आहेत. त्या वहीत आणखी एक रकाना वाढविता येईल : कोणाला कोणत्या वयात मधुमेह जडला, कोणाला रक्तदाब होता, कोणाच्या अंगावरून वारे गेले. ज्या घरात आजोबा आणि वडील या दोघांचीही नावे त्या रकान्यात असतील, तेथील तिशीतल्या नातवाने आपली साखर व रक्तदाब मोजून घेण्यासाठी त्रासाची वाट पाहू नये. उत्सवाला सारी कुटुंबे एकत्र येतात, त्या दिवसांत सभामंडपाच्या एका कोपऱ्यात ही तपासणी करण्यास फार मोठा खर्च येत नाही. ज्याचा आकडा त्या कोपऱ्यात वेळीच कळला, त्याचे दोन्ही हात पुढील वर्षीही रथाच्या दोराला लागण्याचा संभव कितीतरी वाढेल.