एका गळ्याची कथा : कॅन्टाटा, कीर्तन आणि ध्वनिमुद्रण



हीरक महोत्सवाच्या व्याख्यानात दूरच्या युरोपातील संगीताचा विषय कशासाठी, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर तमिळनाडूत, कावेरीच्या काठी सापडते. कुंभकोणमपासून जवळच तिरुनीलक्कुडी नावाचे एक गाव आहे. तेथील नीलकंठाचे शिवालय प्राचीन आहे. तमिळ शैव संत अप्पर यांनी या देवाची स्तुती गायिली आहे आणि सुमारे चौदा शतकांनंतरही ती मुखोद्गत आहे. याच परिसरातील गोविंदपुरम, तिरुविसनल्लूर आणि मरुदानल्लूर ही गावे दक्षिणेतील भजनसंप्रदायाच्या तीन आचार्यांची स्थाने मानली जातात. त्या भजनपद्धतीत तमिळ, तेलुगू आणि संस्कृत रचनांच्या पंगतीला मराठी अभंगही बसतो. मराठी तेथे पोहोचली कशी आणि टिकली कशी, याचा विचार करताना युरोपातील एका गानप्रकाराची तुलना फार उपयोगी पडते.

त्या प्रकाराचे नाव कॅन्टाटा. शब्दाचा अर्थ साधाच आहे : जे गायचे ते. सतराव्या शतकात इटलीत तो रूढ झाला. एक गायक किंवा गायिका, साथीला हार्प्सिकॉर्ड आणि एखादे खर्जाचे तंतुवाद्य, एवढ्या सामग्रीवर एक संपूर्ण प्रसंग उभा करायचा. नेपथ्य नाही, वेशभूषा नाही. कथा पुढे नेणारा भाग बोलण्याच्या लयीत गायचा आणि भावना दाटून आली की बांधीव गीत सुरू व्हायचे. व्हेनिसच्या बार्बरा स्ट्रोझी या विदुषीने अशा रचनांचे संग्रह स्वतःच्या नावाने छापून प्रसिद्ध केले. अलेस्सांद्रो स्कार्लात्ती याने सहाशेहून अधिक कॅन्टाटा रचल्या. तरुण हँडेल 1706 ते 1710 या काळात इटलीत होता. रोममध्ये त्या वेळी सार्वजनिक संगीतनाटकांवर धर्मसत्तेची बंदी होती, म्हणून रसिक सरदारांच्या आणि धर्माधिकाऱ्यांच्या वाड्यांत हीच एकल गाणी रंगत. हँडेलने तशा शंभराच्या आसपास रचना केल्या.

आता तंजावरकडे वळू. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तेथे भोसल्यांचे राज्य स्थापन केले. त्यांचे पुत्र शहाजीराजे 1684 मध्ये गादीवर आले. बाख आणि हँडेल यांचा जन्म त्याच्या पुढच्याच वर्षी, 1685 मध्ये झाला. म्हणजे युरोपात कॅन्टाटा बहरत होती, त्याच दशकांत तंजावरच्या दरबारात मराठी नाटके, पदे आणि निरूपणे लिहिली जात होती. मराठी कीर्तनाची परंपराही तेथे रुजली. एकाने दुसऱ्याचे काही उचलले, असा याचा अर्थ नव्हे. दोन दूरच्या प्रदेशांनी एकच गोष्ट आपापल्या परीने ओळखली होती : एक समर्थ गळा अख्खी कथा पेलू शकतो.

साम्य केवळ काळाचे नाही. कीर्तनकारही एकटाच उभा राहतो. राजा, ऋषी, राक्षस आणि शोकाकुल माता या साऱ्यांना तो एकाच आवाजात आळीपाळीने बोलके करतो. साकी, दिंडी, आर्या यांनी कथा पुढे सरकते आणि पदावर येऊन ती थांबते, खोल जाते. मोरगावकर बुवांची कीर्तने एकोणिसाव्या शतकात तंजावरात गाजली. ती ऐकून तंजावूर कृष्ण भागवतर (1841–1903) यांनी या मराठी पद्धतीचा अभ्यास केला आणि तमिळ हरिकथेला तिचे आजचे रूप दिले. त्यामुळे साकी, दिंडी, ओवी, अभंग ही आपली छंदनामे तमिळ हरिकथेच्या परिभाषेत आजही नांदत आहेत.

यानंतर मात्र दोन वाटा वेगळ्या होतात. कॅन्टाटा कागदावर जगली. कीर्तन कंठात जगले. कॅन्टाटाचे स्वर लिहिलेले होते, म्हणून अडीचशे वर्षे कोणी गायिली नाही अशी रचनाही पुन्हा उभी करता आली. तरी कागदावर सारे काही नसते. खर्जाची एक ओळ आणि तिच्यावर काही आकडे एवढेच लिहिलेले असते. बाकीची साथ वादकाने जागच्या जागी भरायची असते. गीताचा पहिला भाग पुन्हा येतो, तेव्हा त्यावर गायकाने स्वतःचे अलंकार चढवायचे असतात. म्हणूनच एकाच रचनेची दोन ध्वनिमुद्रणे कधी सारखी नसतात.

बाखची 82 क्रमांकाची कॅन्टाटा हे याचे उत्तम उदाहरण. 2 फेब्रुवारी 1727 रोजी ती लाइप्झिग येथे प्रथम गायिली गेली. वृद्ध सिमियन बालयेशूला हातांत घेतो आणि आता जगण्यात काही मागणे उरले नाही असे म्हणतो, हा तिचा आशय. डीट्रिश फिशर-डीस्काऊ याने 1951 मध्ये ती मुद्रित केली. तेव्हा तो पंचविशीत होता; त्याच्या गाण्यात वार्धक्याची शांती आहे, पण ती दुरून पाहिलेली. लॉरेन हंट लिबरसन या गायिकेचे मुद्रण 2003 मध्ये प्रसिद्ध झाले आणि 2006 मध्ये ती निवर्तली. तिच्या गाण्यात तोच निरोप अगदी जवळून ऐकू येतो. शब्द तेच, रचनाही तीच; कागद जे सांगू शकला नाही ते गळ्याने सांगितले.

कीर्तनाच्या वाट्याला हे भाग्य फारसे आले नाही. जुन्या तबकडीच्या एका बाजूस तीन-चार मिनिटांचेच गाणे मावे. तीन तासांच्या आख्यानातून एखादे पद तेवढे तबकडीवर उतरे. पूर्वरंग, निरूपण, श्रोत्यांशी चाललेला संवाद, सारे बाहेरच राही. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखितांचा मोठा ठेवा आहे. तेथे पदांचे शब्द मिळतात, रागतालांचे निर्देश मिळतात. पण ते पद कोणत्या ठेक्यात झुलत होते आणि कोणत्या शब्दावर गायकाचा आवाज हलका होत होता, हे कोणतीही पोथी सांगत नाही.

भाषेच्या दृष्टीने तर हा प्रश्न अधिक नाजूक आहे. दक्षिणेतील भजनाच्या पुस्तकांत मराठी अभंग तमिळ लिपीत छापले जातात. त्या लिपीत क, ख, ग, घ यांना मुळात एकच अक्षर. ‘गोड’ आणि ‘घोडा’ यांचा आरंभ तेथे सारखाच दिसतो. आपली देवनागरी तरी कुठे परिपूर्ण आहे? ‘चहा’तला च आणि ‘चमचा’तले च एकाच अक्षराने लिहिले जातात, त्यांचा भेद मूल आईच्या तोंडून शिकते. तंजावरच्या मराठी घरांत दहा-बारा पिढ्या हा भेद पुस्तकाने नव्हे, बोलण्याने आणि गाण्याने सांभाळला. घरातील एक वृद्ध आवाज थांबतो, तेव्हा त्याच्याबरोबर असे कितीतरी भेद कायमचे मिटतात.

आज अरुणा साईराम, रंजनी-गायत्री यांच्या मैफलींत अभंग रंगतात आणि त्यांची मुद्रणे जगभर ऐकली जातात, ही आनंदाची गोष्ट. परंतु नामवंतांची मुद्रणे आपोआप होतात. घरातल्या आवाजांची होत नाहीत. आजीची जात्यावरची ओवी, आजोबांची करुणाष्टके, गावच्या बुवांचे आख्यान, मंगळागौरीची गाणी यांचे मुद्रण कोणतीही कंपनी करणार नाही. ते घरच्यांनीच करायचे आहे, आणि त्यासाठी लागणारे यंत्र आता प्रत्येकाच्या खिशात आहे.

म्हणून शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपुढे आणि पालकांपुढे या महोत्सवी वर्षात एकच विनंती ठेवावीशी वाटते. घरातील ज्येष्ठांना गाऊ द्यावे, मध्ये थांबवू नये, चुकले तरी दुरुस्त करू नये. आरंभी त्यांचे नाव, गाव आणि दिनांक त्यांच्याच आवाजात घ्यावा. हे गाणे कोणाकडून शिकलात, हे अवश्य विचारावे. नंतर मुलांकडून ते शब्द देवनागरीत लिहून घ्यावेत, म्हणजे कंठ आणि कागद यांची गाठ पडेल. अशा मुद्रणांची एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात जमा झाली, तर शतकमहोत्सवाच्या वेळी येथे बसणाऱ्या मुलांना आपली मराठी वाचता तर येईलच, शिवाय ती कशी ऐकू येत होती हेही कळेल.