बंदरात उतरू देण्याची हमी : निर्वासित धोरण आणि देशांचा सहभाग

निर्वासितांना आसरा कोणी द्यायचा, हे बहुतेक वेळा भूगोलच ठरवतो. युद्ध ज्याच्या शेजारी पेटते त्याच्याच दारात माणसे येतात, मग तो देश कितीही गरीब असो. १९५१च्या निर्वासितविषयक कराराच्या प्रास्ताविकात हे मान्य केले आहे. काही देशांवर अवाजवी भार पडू शकतो आणि आंतरराष्ट्रीय सहकार्याशिवाय त्यातून मार्ग निघणार नाही, असे तिथे म्हटले आहे. मात्र जिवाला धोका असेल तिथे आश्रिताला परत धाडू नये, हे ३३व्या कलमात जसे बंधनकारक आहे, तसे भार वाटून घेण्याचे एकही कलम करारात नाही. भार कोणी आणि कसा वाटून घ्यायचा, हा प्रश्न नेमका या उणिवेतून उभा राहतो.

नुसती सहानुभूती किती तोकडी पडते, हे जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधील एव्हियाँ येथे दिसले होते. नाझी राजवटीतून निसटू पाहणाऱ्या ज्यूंसाठी तिथे ३२ देश जमले. बहुतेकांनी हळहळ व्यक्त केली आणि प्रवेशाचे नियम होते तसेच ठेवले. मोठ्या संख्येने माणसे घेण्याची तयारी दाखवली ती डॉमिनिकन प्रजासत्ताकाने.

इंडोचायनाचा अनुभव अधिक शिकवणारा आहे. ३० एप्रिल १९७५ रोजी सायगाव पडले आणि पुढची काही वर्षे व्हिएतनाममधून माणसे होड्यांत बसून समुद्रात उतरत राहिली. जून १९७९ मध्ये आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेच्या पाच सदस्य देशांनी नव्याने येणाऱ्यांना थारा देणार नाही, असे जाहीर केले. होड्या पुन्हा समुद्रात लोटल्या जात होत्या. पुढच्याच महिन्यात जिनिव्हात ६५ देश बसले आणि देवाणघेवाण ठरली. किनाऱ्यावरच्या देशांनी तात्पुरता आसरा द्यायचा, दूरच्या देशांनी माणसे कायमची वसवून घ्यायची. वसवणुकीची आश्वासने सव्वा लाखावरून २ लाख ६० हजारांवर गेली. फिलिपिन्समधील बतान आणि इंडोनेशियातील गलांग येथे पुढे जाणाऱ्यांसाठी केंद्रे उभी राहिली.

समुद्रातला पेच त्याहून बिकट होता. बुडत्याला उचलणे हा दर्यावर्दींचा जुना धर्म. पण उचललेल्यांना पुढच्या बंदरात उतरवायचे, तर यांना नेणार कोण, असा सवाल बंदराचा देश करी. जहाज ज्या देशाच्या झेंड्याखाली चाले, त्याने हमी द्यावी अशी अपेक्षा असे. पण कित्येक मालवाहू जहाजांवरचा झेंडा निर्वासित न घेणाऱ्या देशाचा असे. जहाज बंदराबाहेर खोळंबले की मालकाचे नुकसान, म्हणून होडी दिसूनही वाट बदलणारी जहाजे होती. यावर काही देशांनी मिळून सामाईक हमी दिली : अशा झेंड्याच्या जहाजांनी वाचवलेल्यांना आम्ही घेऊ. कप्तानाचे मन दयाळू असो वा नसो, माणसे उतरवण्याची सोय झाली. सहकार्य म्हणतात ते हे.

जिनिव्हात ठरलेल्या व्यवस्थेला काळी बाजूही होती. व्हिएतनामने बेकायदा निघून जाण्यावर बंदी कडक केली आणि १९७९ अखेर होड्यांची संख्या एकदम उतरली. पळून जाणे ज्यांना खरोखर भाग होते, त्यांचीही वाट त्यात अडली. जून १९८९ मध्ये दुसरी योजना आली. तिच्यात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाची छाननी होऊ लागली आणि जे निर्वासित ठरले नाहीत, त्यांना मायदेशी धाडण्यात आले. अशांची संख्या लाखाच्या वर गेली. हाँगकाँगमधील सक्तीच्या पाठवणीवर कठोर टीका झाली आणि ती रास्त होती.

भारताने १९५१च्या करारावर सही केलेली नाही. तरीही १९५९ पासून तिबेटींना आणि १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून आलेल्या सुमारे १ कोटी लोकांना इथे आसरा मिळाला. ७१ साली परदेशी मदत आली, पण मोठा खर्च भारताच्याच माथी पडला.

डिसेंबर २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १८१ देशांनी निर्वासितविषयक जागतिक मसुद्याच्या बाजूने मत दिले. अमेरिका आणि हंगेरी विरोधात गेले. भार वाटून घेण्याचा आराखडा या मसुद्यात आहे. दर चार वर्षांनी देश एकत्र येऊन मदतीची आणि वसवणुकीची आश्वासने नोंदवतात. आश्वासन मोडणाऱ्या देशावर सक्ती करणारी तरतूद मात्र त्यातही नाही, आणि जगातले बहुसंख्य निर्वासित आजही गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतच राहतात.