तलवारीचा फोटो आणि पितळी तांब्या
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय ‘निवृत्तीनंतरचा छंद’. माझ्या आधी गच्चीवरची बाग झाली, नर्मदा परिक्रमा झाली. माझा छंद जरा विचित्र आहे. मी लोकांच्या घरातल्या जुन्या तलवारींचे फोटो काढतो. तलवारीचं एक बरं असतं, ‘मी यात जाड दिसतेय’ असं ती म्हणत नाही.

सुरुवात मात्र एका चुकीपासून झाली. आपल्याच वर्गातला एक मित्र, समोर तिसऱ्या रांगेत बसलाय, त्याच्या परवानगीनं सांगतोय, नाव घेत नाही. त्यांच्या घरी सरळ, लांब पात्याची धोप आहे. खंडेनवमीला पूजेसाठी बाहेर निघते. तिच्या पात्यावर मुठीपाशी सोन्याची बारीक अक्षरं होती, पार काळवंडलेली, कुणाला धड लागत नव्हती. २०१६ च्या दसऱ्याला अण्णा, म्हणजे मित्राचे वडील, म्हणाले, “तुझा कॅमेरा भारी आहे म्हणे. फोटो काढ आणि वाच बरं काय लिहिलंय ते.” मी ऐटीत फ्लॅश मारून दहा-बारा फोटो काढले. घरी येऊन बघतो तर अक्षरांच्या जागी पांढरा पट्टा आणि त्याच्या कडेला माझा पिवळा सदरा. म्हटलं, जाऊ दे, पुढच्या वर्षी काढू.

पुढच्या वर्षी मुलीच्या लग्नात हॉलमध्ये मांडायची म्हणून मित्रानं तलवार भांडी पॉलिश करणाऱ्याकडे दिली. आरशासारखी चकचकीत होऊन आली. अक्षरं गेली. त्या कामाला कोफ्तगरी म्हणतात. पोलादावर बारीक चरे पाडायचे आणि त्यावर सोन्याची तार ठोकून बसवायची. सोनं इतकं पातळ असतं, की बफचं चाक फिरलं की संपलं. अण्णांचा मला फोन आला. म्हणाले, “गेलं ते गेलं. तुझ्याकडे फोटो आहेत ना?”

मी काय सांगणार होतो?

अशा दोन-चार अक्षरांना किती किंमत असते, ते तुम्ही अलीकडे वर्तमानपत्रात वाचलं असेल. नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार महाराष्ट्र शासनानं २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून घेतली. पातं युरोपातलं आहे. त्याच्या पाठीवर सोन्यानं देवनागरीत रघुजींचं नाव आहे, ‘सेनासाहेबसुभा’ हा किताब आहे आणि शेवटी ‘फिरंग’ हा शब्द. ती ओळ कुणी घासून टाकली असती, तर ती एक जुनी, चांगली फिरंग राहिली असती, एवढंच.

असो. अण्णांच्या फोननंतर मी हट्टानं शिकायला बसलो. पुष्कळ पैसे उडवले, दिवे आणले, काही जमेना. आणि एका रात्री आपले चित्रकलेचे सर आठवले. इंटरमीजिएटच्या परीक्षेआधी सरांनी टेबलावर पितळी तांब्या ठेवला होता. माझा तांब्या काही केल्या पितळेचा दिसेना, मातीचाच दिसायचा. सर मागून आले आणि म्हणाले, “तांब्या काढू नकोस. तांब्यात काय दिसतंय ते काढ.” पात्याचंही तेच आहे. ते समोरच्या गोष्टी दाखवतं. फ्लॅश समोर आला की फ्लॅश दाखवणार, माझा सदरा आला की सदरा. तेव्हा पात्याला काय दिसावं, ते आधी ठरवायचं. सर, बेचाळीस वर्षं लागली मला.

आता माझा स्टुडिओ. मागच्या खोलीत, तोही रात्री, कारण खिडकीचा उजेड नको असतो. कपडे वाळत घालायचा घडीचा स्टँड टेबलाशेजारी उभा करतो आणि त्यावर पात्याच्या लांबीहून जास्त, म्हणजे चार फूट, बटर पेपर टांगतो. कागदामागे हातभर अंतरावर बारा वॅटचे दोन एलईडी बल्ब. दोन्ही एकाच खोक्यातले घ्या, नाहीतर अर्धं पातं निळं आणि अर्धं पिवळं येतं. टेबलावर काळी मखमल. ती मॅचिंग सेंटरमधून आणली. दुकानदारानं विचारलं, “ब्लाउजला का?” मी म्हटलं, “तलवारीला.” हिनं मला दंडाला धरून बाहेर काढलं.

सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे खोडरबर. पात्याखाली त्याचे तुकडे ठेवले की पातं कापडापासून वर राहतं आणि मखमलीचे तंतू फोटोत येत नाहीत. शिवाय एका कडेचं रबर सरकवून पातं किंचित कलतं करता येतं. कॅमेरा वरून बघतो, पातं कागदाकडे बघतं. मग ते दुधासारखं उजळतं आणि त्यातली खोबण, डाग, असलं तर पोलादाचं लहरी जौहर, सगळं वर येतं. फारच सपाट वाटलं तर समोर काळा कार्डशीट धरायचा. त्याची सावळी रेघ पात्यात उतरते आणि धार उठून दिसते. हे धरण्याचं काम आमच्या घरात हिच्याकडे आहे. मी स्वतः काळा शर्ट घालतो.

कॅमेरा सोडून हे सगळं चौदाशे रुपयांत बसलं. मोबाइलही चालतो. फक्त जवळ घुसू नका, थोडं लांबून दुप्पट झूम करा, पडद्यावर बोट दाबून फोकस अडकवा, टायमर लावा आणि फोन कशाला तरी घट्ट टेकवा.

अक्षरांची तऱ्हा मात्र वेगळी. खोलीतले सगळे दिवे घालवायचे आणि एकच टॉर्च पात्याला जवळजवळ समांतर, आडवा धरायचा. मावळतीला नांगरलेल्या रानात जशी एकेक सरी दिसते, तसा एकेक चरा दिसतो.

एक कळकळीची विनंती, सगळ्यांना. दसऱ्याला पात्याच्या टोकाला लिंबू टोचू नका. आंबटानं पोलादावर काळा डाग पडतो. हळदकुंकू ओलं करून पात्याला लावू नका, मुठीला फूल वाहा. पॉलिश पेपर, चिंच, राख काही नको. मऊ फडक्यानं शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात द्या, बास. आणि पुसायच्या आधी फोटो.

मागच्या वर्षी मी मित्राकडे सगळं बोचकं घेऊन गेलो. मुठीची एक पट्टी पात्यावर उतरलेली आहे, तिच्या कडेला बफचं चाक पोचलं नव्हतं. टॉर्च आडवा धरल्यावर तिथे चरे दिसले, चऱ्यांत सोन्याचे दोन-चार कण, आणि एक ‘स’. त्याच्या पुढे काना असावा असा अर्धा दांडा. अण्णांना आता नीट दिसत नाही. मी तो ‘स’ संगणकावर ताटाएवढा मोठा करून दाखवला. बराच वेळ त्यांनी पडद्यावर बोट फिरवलं आणि म्हणाले, “हा आमच्या आजोबांना दिसत असणार.”

तो ‘साहेब’मधला ‘सा’ की ‘सरकार’मधला ‘स’, यावर त्यांच्या घरात अजून वाद चालू आहे. मित्र म्हणतो सरकार. फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहे. सर, जेवणाच्या सुट्टीत जरा बघाल का? तो काना आहे की नुसताच ओरखडा, हे तुमच्या नजरेला कळेल.