अनुभवाच्या रकान्यात ‘निरंक’ लिहू नका
(जिल्हा बैठकीतील भाषण)



परवा एक तरुण जिनिंगमधल्या नोकरीचा अर्ज दाखवायला आमच्याकडे आला. वय ३०. १२ वर्षे घरची कोरडवाहू शेती तोच पाहतो. अर्जात ‘अनुभव’ असा रकाना होता. तिथे त्याने लिहिले होते, ‘निरंक’. आम्ही विचारले, ‘का रे बाबा?’ तर म्हणाला, ‘साहेब, शेतीच तर केली. नोकरी कुठं केली?’

१२ वर्षांचा घाम आणि हिशेबात शून्य! माल मातीमोल विकायची आपल्याला इतकी सवय लागली, की स्वतःलाही आपण त्याच भावाने विकायला निघालो.

शेतीवर भागत नाही म्हणून घरातला एक जण दुसऱ्या कामाला लागला, तर त्यात लाज नाही. पण तो रिकाम्या हाताने जात नाही. कापूस मुठीत दाबून तो ओल सांगतो. सीसीआयच्या खरेदीत ओल ८ टक्क्यांच्या वर गेली की भाव कापतात, १२ च्या वर माल घेत नाहीत. ही पारख जिनिंगवाल्याला हवीच असते. वेचणीला २० बाया लावायच्या, प्रत्येकीचा कापूस तोलायचा, हिशेब चुकता करायचा. शहरात याला सुपरवायझर म्हणतात. ज्वारीच्या बीजोत्पादनात नर-मादीच्या ओळी सांभाळून भेसळीची झाडे ओळखून उपटणारी आपली मायबहीण बियाणे कंपनीच्या उपयोगाची आहे. तिला ‘नुसती मजूर’ कोण म्हणते? आपणच.

आमचेही असेच झाले होते. शेतकीची पदवी घेतली, नोकरी केली, ती सोडून संघटनेत आलो. पहिल्या सभेत शास्त्रातले मोठमोठे शब्द ऐकवले. लोक उठून गेले. पुढच्या सभेत फळ्यावर १ क्विंटल कापसाचा हिशेब मांडला : रुई सुमारे ३४ किलो, बाकी सरकी आणि थोडी घट. लोक लिहून घेऊ लागले. विद्या तीच होती. ऐकणाऱ्याच्या कामाची होती ती पुढे ठेवली, एवढाच फरक.

तेव्हा तीन गोष्टी पाळा. ‘शेती करतो’ एवढ्यावर थांबू नका. कोणते काम, किती वर्षे, किती माल, ते आकड्यात सांगा. दुसरे, ज्याच्याकडे काम मागायचे त्याच्या धंद्यातले शब्द वापरा. तिसरे, पुरावा ठेवा : बाजार समितीच्या हिशेबपट्ट्या, बीजोत्पादनाचा करार, बचत गटाच्या वह्या. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत, आधीपासून अंगात असलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय केली गेली. तिची चौकशी करा. आणि जे येत नाही ते येते म्हणू नका. कापसावर पाणी मारून विकणाऱ्याची पत एकदा गेली की परत येत नाही.

त्या तरुणाचा ‘निरंक’ आम्ही खोडला. लिहिले : ‘कापूस उत्पादन, प्रतवारी व तोलाई – १२ वर्षे. हंगामात २० मजुरांची देखरेख व हिशेब.’ वाचून तो म्हणाला, ‘साहेब, हे तर मी दरसालच करतो!’

तेच तर लिहायचे असते. नोकरी लागेल न लागेल, पण भाव सांगायला तो आता ताठ मानेने जाईल. आज घरी गेल्यावर पोरापोरींना जवळ बसवा आणि त्यांना काय काय येते, ते वहीत लिहून काढा.